हातचे तीन

माझ्या एमबीएच्या ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या पुस्तकात दोनशे अकराव्या पानावर पिवळ्या हायलायटरची एक रेघ आहे. सुरुवातीला ती शहाण्यासारखी अक्षरांवरून सरळ चालते, 'साठा' या शब्दाशी जराशी डगमगते आणि मग दोन ओळी तिरक्या ओलांडून पानाबाहेर पडते, ती थेट उशीच्या अभ्र्यावर. तिथे मला झोप लागली. अभ्र्यावरचा डाग तीनदा धुऊन फिका झालाय, गेला नाही. माझ्या सगळ्या पुस्तकांतल्या अशा रेघा कुणी गोळा केल्या, तर मी कुठल्या विषयाला किती वेळा शरण गेले याचा पुरावाच हाती लागेल. मार्केटिंगमध्ये त्या कमी आहेत. फायनान्समध्ये प्रकरणागणिक एक.

एकेचाळिसाव्या वर्षी पार्ट टाइम एमबीएला प्रवेश घेतला, तेव्हा एकदोघांनी 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?' असं विचारलं होतं. मी म्हणायचे, हातचं सोडत नाहीये, म्हणून तर पार्ट टाइम! या शब्दाला मी फसले. नोकरी पूर्ण वेळ, घर पूर्ण वेळ आणि शिक्षण तेवढं अर्धवेळ. आता हा अर्धा वेळ काढायचा कुठून, याबद्दल माहितीपुस्तिकेत चकार शब्द नव्हता. माझी कल्पना अशी, की दिवसभरात इकडेतिकडे वेळ सांडलेलाच असतो. प्रवासात, रांगेत, जेवणाच्या सुट्टीत. तो वेचायचा. वेचलाही. पण वेचलेला वेळ चिल्लरीसारखा निघाला. वीस मिनिटांत केस स्टडीची फक्त पहिली दोन पानं होतात, आणि जवळजवळ प्रत्येक केसच्या पहिल्या दोन पानांत कुणीतरी मोठा अधिकारी खिडकीबाहेर बघत विचारात गढलेला असतो. त्याला पुढे काय अडचण आली होती, हे मला कैक केसेसमध्ये अजून कळलेलं नाही.

मग क्रिटिकल पाथ शिकवला. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीत कारखान्यांची बांधकामं आणि देखभालीची कामं वेळेत बसवायला ही पद्धत निघाली. कुठलं काम कशावाचून अडतं ते बाणांनी दाखवायचं. सगळ्यात लांबलचक साखळी ती क्रिटिकल. तिच्यात एका मिनिटाचा उशीर म्हणजे सगळ्या गाड्याला एका मिनिटाचा उशीर. बाकीच्या कामांना थोडी ढील असते, तिला म्हणायचं स्लॅक. मला एवढा हुरूप आला, की आमच्या घरातल्या सकाळची आकृती काढली. तेवीस कामं, तेवीस गोल. क्रिटिकल पाथ निघाला तो न्हाणीघर, गणवेश आणि मुलीच्या वेण्या असा. आणि सत्तावीस मिनिटांचा स्लॅक सापडला तो वर्तमानपत्रामागे.

"म्हणजे स्लॅक मी आहे का?" नवऱ्याने विचारलं.

"तू नाही रे. तुझं काम."

त्याचा चेहरा काही खुलला नाही. पण वेण्या शिकला. आता मुलगी एक वेणी कानाच्या वर आणि एक कानाच्या खाली अशी शाळेत जाते. पाथ आठ मिनिटांनी आखूड झाला. त्या वाचलेल्या आठ मिनिटांत मी ऑफिसचे मेल बघते.

वेळ वाचवण्याच्या या सगळ्या खटाटोपाचे मूळपुरुष शोधता शोधता मला फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे दांपत्य भेटलं. कामातली एकेक हालचाल मोजून अनावश्यक ती काढून टाकायची, हा त्यांचा ध्यास. फ्रँकने विटा रचणाऱ्या गवंड्याच्या अठरा हालचाली पाचवर आणल्या होत्या. दोन्ही हातांत वस्तरे धरून दाढी केली तर चव्वेचाळीस सेकंद वाचतात, पण मग कापलेल्या गळ्याला पट्टी बांधण्यात दोन मिनिटं जातात, हा त्याचा शोध त्याच्या मुलांनीच नोंदवून ठेवलाय. (माझे सगळे शोध याच जातीचे.) पण मला धरून ठेवलं ते लिलियनने. बारा मुलांची आई. १९१५ मध्ये तिने डॉक्टरेट मिळवली, तेव्हा घरात अर्धा डझन लेकरं होती. १९२४ मध्ये फ्रँक अचानक गेला, आणि बाईकडून सल्ला घ्यायला बरीच गिऱ्हाइकं नाखूश, तेव्हा तिने आपला मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. ओटा किती उंच हवा, बाईची पावलं कशी वाचतील, हे मोजून सांगू लागली. महिनाभर मी तिचं नाव टेबलासमोर चिकटवलं होतं. झोप आली की बघायचं आणि लाजायचं. एके दिवशी वाचनात आलं, की फ्रँकची आई, मार्था, वर्षानुवर्षं त्यांच्याच घरात राहत होती आणि घर बरंचसं ती बघत होती. चिठ्ठी मी काढली नाही. तिच्याखाली मार्थाचं नाव लिहिलं.

रात्री साडेदहाच्या ग्रुप कॉलबद्दल फार सांगत नाही. पाच माणसं, त्यांतली दोन 'आवाज येतोय का?' म्हणणारी, एक कधीच न ऐकू येणारी, आणि मागे कुणाचं तरी बाळ. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमनने १९५६ मध्ये सांगून ठेवलंय, की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा चांगला मिळाला की थांबतो. हे सिद्ध करायला आमच्या ग्रुपचं कुठलंही असाइनमेंट चालेल. अकरा बावन्नला आम्ही नेहमी थांबतो.

तिसऱ्या सेमिस्टरमध्ये सोडून द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. ऑफिसात वर्षअखेर, मुलीला ताप, त्यात दोन पेपर एकाच शनिवारी. नेमक्या त्याच आठवड्यात सरांनी सन्क कॉस्ट शिकवली. जो खर्च परत येण्यासारखा नाही तो पुढच्या निर्णयात धरायचा नाही. गेलं ते गेलं, यापुढे काय मिळणार आणि काय जाणार एवढंच बघा. मी वहीत व्यवस्थित उतरवून घेतलं. घरी आले. 'एवढी फी भरलीये, आता कसलं सोडतेस,' नवरा म्हणाला. हा युक्तिवाद शास्त्राप्रमाणे शून्य किमतीचा आहे, हे मला चार तासांपूर्वीच कळलं होतं. तरी मी त्याच युक्तिवादावर पुढे गेले. आणि परीक्षेत सन्क कॉस्टवर आलेलं उत्तर अगदी पाठ्यपुस्तकी लिहून आले.

हिशेबाचा विषय खरं तर पहिल्याच सेमिस्टरचा. डेबिट आणि क्रेडिट माझ्या डोक्यात शिरेनात. बँक म्हणते पैसे आले की क्रेडिट, पुस्तक म्हणतं रोकड आली की डेबिट. सासूबाईंनी एका कचेरीत बत्तीस वर्षं खातेवह्या लिहिल्या, तेही हाताने, शाईच्या पेनाने. माझी घालमेल बघून त्या म्हणाल्या, "डेबिट-क्रेडिट सोड गं. घेईल त्याच्या नावे, देईल त्याच्या जमा. संपलं." पुढची पंधरा मिनिटं त्यांनी मला पेटीखातं, म्हणजे रोकडीचं खातं, आणि माणसाचं खातं यांतला फरक असा समजावला, की पुढे त्या विषयाचा पेपर हा एकच मला सोपा गेला. लुका पाचोली या इटालियन पाद्र्याने १४९४ मध्ये छापलेल्या ग्रंथात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची ही दुहेरी नोंदीची रीत मांडली. गंमत त्या दुहेरीपणातच आहे. एकही रक्कम एकटी येत नाही. कुणाच्या तरी नावे पडली, की कुणाच्या तरी खाती जमा होतेच.

म्हणजे माझी अभ्यासाची मिनिटंही एकटी आलेली नसणार.

हे मला चौथ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला, एका कंटाळवाण्या तासाला सुचलं. वहीच्या मागच्या बाजूने मी खाती उघडली. माझ्या पानावर सगळं नावे. मग एकेक आठवून समोरची नोंद. मंगळवारचा दीड तास: मुलीचा अभ्यास नवऱ्याने घेतला, त्याच्या जमा. रविवारचे तीन तास: दवाखाना आणि औषधं, सासूबाईंच्या जमा. ऑफिसातला जोडीदार माझ्या दोन मीटिंगांना बसला होता, त्याचंही एक पान निघालं. वेचलेला वेळ म्हणून मी ज्याचा तोरा मिरवत होते, त्यातला निम्मा कुणी ना कुणी आणून ठेवलेला निघाला.

मुलीच्या पानापाशी अडले. माझा क्लास संपेपर्यंत ती झोपलेली असते, म्हणून तिने फ्रिजवर एक कागद लावलाय. वर लिहिलंय, 'आईला सांगायचं आहे'. खाली आकडे घालून मुद्दे. परवाच्या कागदावर पहिला मुद्दा होता, 'दात हलतोय'. तो तिनेच खोडून पुढे लिहिलं होतं, 'पडला'. दुसऱ्या मुद्द्यात बाकावरच्या मैत्रिणीशी भांडण, आणि चौथ्यात 'दोन नंबरचं मिटलं'. या खोडलेल्या ओळींची मिनिटं किती धरायची? तिचं पान मी पेन्सिलने लिहायचं ठरवलं आणि तूर्त कोरंच ठेवलं.

रविवारी संध्याकाळी वही सासूबाईंपुढे ठेवली. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, त्यांना भरून वगैरे येईल. त्यांनी चष्मा सारखा केला, स्वतःच्या पानावर बोट ठेवलं आणि ओठ हलवत खालून वर बेरीज तपासत गेल्या. एका जागी थांबल्या. पुन्हा खालून सुरुवात केली.

"मिनिटांची बेरीज एकशे पंच्याण्णव. पंधरा मांडलेस, ते बरोबर. हातचे तीन कुठे गेले?"

मी वाकून पाहिलं. खरंच धरायचे राहिले होते.

"तीन तास खाल्लेस की माझे," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिल मागितली.