टंगस्टनचा ६९.५ पाठ करा, बाकी बघू

एक्स-रे टेक्निशियनच्या कोर्सला फर्स्ट इयरच्या पोरांना फिजिक्स म्हटलं की ताप येतो. पोझिशनिंग (एक्स-रेसाठी पेशंटला नीट ठेवणं) शिकवा ना, हे अणूबिणू कशाला, असं चेहऱ्यावरच दिसतं. माझं म्हणणं एवढंच, की बाकी विसरलात तरी चालेल पण टंगस्टनचा ६९.५ हा आकडा डोक्यात ठेवा.

आधी युनिट. इलेक्ट्रॉन १ व्होल्टच्या फरकातून गेला की त्याला १ इलेक्ट्रॉन व्होल्ट एनर्जी मिळते. म्हणजे एक्स-रे मशीनच्या कन्सोलवर ६० केव्ही (किलोव्होल्ट) लावलं तर अॅनोडवर, म्हणजे ट्यूबमधल्या टंगस्टनच्या टार्गेटवर, आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनकडे जास्तीत जास्त ६० केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट). त्या आदळण्यातून एक्स-रेचे फोटॉन, म्हणजे एनर्जीची पुडकी, निघतात, त्यांचाच बीम. व्हायवात "मग बीममधले सगळे फोटॉन ६० चे" असं म्हणू नका हां, ६० ही वरची मर्यादा, सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कुठेतरी असते.

आता टंगस्टनचा अणू. इलेक्ट्रॉन ७४, त्यातले सगळ्यात आतल्या के शेलमध्ये २, आणि त्यातला एक बाहेर काढायला ६९.५ केईव्ही लागतात. ६० वाला इलेक्ट्रॉन तिथे काहीच करू शकत नाही, तिकीट साडेएकोणसत्तरचं आणि खिशात ६०, कंडक्टर उतरवणारच, आणि दोघा-तिघांनी वर्गणी काढायचीही सोय नाही. ८० लावा, मग के मधला उडतो, रिकाम्या जागी त्याच्या बाहेरच्या एल शेलमधला येतो, त्याची बाइंडिंग एनर्जी (बाहेर काढायला लागणारी) १०.२, वजाबाकी करा: ५९.३. तेवढ्याचा कॅरॅक्टरिस्टिक, म्हणजे त्या धातूचा ठरलेला, फोटॉन बाहेर पडतो.

इथेच मुलं अडकतात. फोटॉन ५९.३ चा, मग ६० केव्हीला का नाही मिळत? अहो, कारण आधी जागा रिकामी व्हायला हवी, आणि त्याचे पूर्ण ६९.५ मोजावे लागतात! त्यामुळे ६० ला कामाचा बीम सगळा ब्रेम्सस्ट्रालुंगचा, म्हणजे न्यूक्लियसजवळून जाताना इलेक्ट्रॉन वळतो, स्लो होतो, त्यात गेलेल्या एनर्जीचा. (आणि हे सगळे एक्स-रे मिळून इलेक्ट्रॉनांच्या एनर्जीचा जेमतेम १ टक्का, उरलेली ९९ टक्के नुसती उष्णता, उगीच नाही अॅनोड फिरवत.)

पारंपरिक मॅमोग्राफीत (ब्रेस्टच्या एक्स-रेत) टार्गेट मॉलिब्डेनमचं घेतात त्याचं कारणही हेच. त्याचा के शेल २० केईव्हीचा, त्यामुळे २८ केव्हीलाही १७.५ आणि १९.६ च्या लाइन्स, म्हणजे कॅरॅक्टरिस्टिक फोटॉन, मिळतात, आणि ब्रेस्टच्या मऊ टिश्यूतला फरक दिसायला तेवढी कमी एनर्जीच लागते.

पेशंटच्या बाजूलाही के शेल आहेच. कॉन्ट्रास्ट म्हणून टोचतात त्या औषधातल्या आयोडीनचा ३३.२. त्याच्या जरा वरचे फोटॉन आयोडीन भरपूर शोषतं, म्हणून आयव्हीपीला (आयोडीन शिरेतून देऊन काढलेला किडनी आणि मूत्रमार्गाचा एक्स-रे) केव्ही ७० च्या आसपास ठेवतात. जाड पेशंट आहे म्हणून सरळ १०० ला नेलं की युरेटर (किडनीकडून येणाऱ्या मूत्रनलिका) फिके पडतात, त्यापेक्षा जमेल तिथे एमएएस (ट्यूबचा करंट गुणिले वेळ) वाढवा.