तुम्ही विचारलंत म्हणून: औषधांमुळे माणसाची उत्क्रांती अडते का?

नागपुरात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर बोलायला उभं राहिलं की हा प्रश्न येतोच: ‘रुग्णांना जगवून तुम्ही निसर्गाची निवड अडवता. नाहीतर हा जीन आपोआप गेला नसता का?’

एकदा हिशेबच करू. समजा, एखाद्या समाजात या जीनच्या शंभर प्रतींपैकी दहा सिकलच्या आहेत. म्हणजे शंभर माणसांत साधारण अठरा एएस (एक प्रत सिकलची, एक साधी) आणि एक एसएस (दोन्ही प्रती सिकलच्या, म्हणजे रुग्ण). मलेरिया पूर्ण गेला, त्यापासून वाचवणारा एएस असण्याचा फायदा संपला आणि एकाही एसएस रुग्णाला मूल झालं नाही, इतकं निर्दय गृहीत धरा. तरी दहावरून पाचवर यायला दहा पिढ्या लागतात, म्हणजे अडीचशे वर्षं. एकवर यायला नव्वद पिढ्या, सव्वादोन हजार वर्षं! कारण सिकलच्या दहातल्या नऊ प्रती एएस माणसांत असतात आणि त्यांना बहुधा काही त्रासच नसतो. निवड त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तेवढ्यासाठी नव्वद पिढ्यांची लेकरं वेदनेनं तळमळू द्यायची?

उपचारांनी हा वेग आणखी मंदावतो, हे मात्र खरं. एएस-एएस लग्नं टळली तर एसएस मुलं फारशी जन्मत नाहीत, पण जीन तसाच राहतो. 2047 पर्यंतचं सरकारी उद्दिष्ट आजार संपवण्याचं आहे, जीन नव्हे. 2023 मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेला जीन-संपादनाचा उपचारही रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी बदलतो. बीजपेशी (ज्यांतून शुक्राणू आणि अंडी बनतात) त्याच राहतात, म्हणून मुलांकडे सिकलच जातो.

मग बीजपेशीच का दुरुस्त करू नयेत? माझं मन अजून ठरत नाही. गडचिरोलीत मलेरिया आहे, आणि सिकलची एकच प्रत असलेलं बाळ जीवघेण्या मलेरियातून वाचण्याची शक्यता आजही जास्त असते.

तपासणीबद्दल मात्र मनात शंका नाही. सोल्युबिलिटी टेस्ट ही रक्ताची प्राथमिक तपासणी पॉझिटिव्ह आली तर सिकल आहे एवढंच कळतं. एएस की एसएस, ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीच सांगते. सहा महिन्यांखालच्या बाळात सोल्युबिलिटी टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर कुठलाही रिपोर्ट फसवू शकतो. आणि दोघंही एएस असाल तर प्रत्येक गरोदरपणात एसएसची शक्यता चारात एक असते. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही.