गाऱ्यातल्या साखळ्या : डायमंड मोडीत, शिडी परत

चिखलासाठी जीपच्या टायरवर चढवलेल्या साखळ्यांचा डायमंड जोड, म्हणजे तिरप्या चौकटींची जाळी, गेला कामातून. तुटला नाही, पण तापीकाठच्या ओल्या गाडरस्त्यावर चाळीस मीटरही धड चालला नाही. चौकट न् चौकट गाऱ्याने भरली आणि चाकाचा वरवंटा झाला. साखळी असून नसल्यासारखी.

दोष नमुन्याचा नाही, मातीचा आहे. बर्फावर डायमंड सरसच: टायरखाली सतत कुठली तरी कडी असते आणि तिरप्या साखळ्या आडवी घसरण अडवतात. आपली काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते, लोखंडाला चिकटते आणि लहान चौकटीतून सुटतच नाही. न्यूयॉर्ककडच्या हॅरी वीडने १९०४ साली पेटंट घेतलं ते शिडीचंच, म्हणजे बाजूच्या दोन साखळ्या आणि त्यांच्यामध्ये पायऱ्यांसारख्या आडव्या; तेही टायरला दोर गुंडाळणारे लोक बघून. आपल्याकडेही अडलं की सोल, म्हणजे जाड दोर, गुंडाळतातच.

तर तिसरा जोड, पहिल्यासारखा पुन्हा शिडीचा, जीपच्या ६.००-१६ टायरसाठी. बाजूच्या दोन साखळ्या ६ मिमी, प्रत्येकी ९६ कड्या. दर आठव्या कडीला ८ मिमीची आडवी साखळी, म्हणजे बारा. पहिल्या जोडात दहाच होत्या. दोन आडव्यांत बावीस सेंटिमीटर अंतर पडायचं, ते टायरच्या टेकण्यापेक्षा जास्त. मग चाक मधल्या रिकाम्या जागेत घसरून पुढच्या साखळीवर धाडकन आपटायचं. बाराने ते थांबलं. एका चाकाचं वजन आठेक किलो.

खरा छळ ताणाचा. आडवी साखळी दहा कड्यांची केली तर ती टायरला आवळून बसते, हलत नाही, म्हणून गारा झाडत नाही. बारा कड्यांची मडगार्डवर फटके मारते. अकरावर जमलं: बोट घालून उचलली की जेमतेम उचलते. बाजूची मात्र घट्टच हवी. आतल्या बाजूच्या साखळीचा आकडा (हुक) आधी, मग बाहेरच्या, वरून जुन्या ट्यूबची चार रबरं. शंभर मीटर चालवून थांबायचं आणि पुन्हा आवळायचं. दरवेळी दोन कड्या मोकळ्या निघतातच. हवा काढून बसवू नका, हवा भरली की सगळा हिशोब बदलतो. रिमला तारेने बांधणं तर नकोच: साखळी टायरवर हळूहळू सरकत राहिली पाहिजे, नाहीतर एकाच जागी टायर खाते.

आकड्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला. आत वळली की टायरची कूस चिरते. ६ मिमी सळईचे आकडे उघडले. आता ८ मिमीचे, तापवून वाकवलेले, घणाने मिटवलेले. साखळी किलोवर घेताना चमक बघू नका, कडीचा जोड बघा. गेल्या गठ्ठ्यात दर मीटरला एखादी अर्धवट जोडलेली कडी निघाली, दुकानदाराचं म्हणणं, "बैलाला चालते." बैल चालेल, इंजिन नाही.

उरलं बांधाच्या उतारावरचं आडवं घसरणं. दोन तिरप्या साखळ्या घालायचं ठरत होतं, पण त्या पुन्हा गारा धरतील. त्यापेक्षा एकाआड एक आडवीच्या मधल्या कडीवर १० मिमी चौकोनी सळईचे बोटभर तुकडे, चाकाच्या फिरण्याच्या दिशेत, वेल्ड करून बघतो. ही साधी साखळी आहे म्हणून चालेल. कठीण केलेल्या तयार साखळीला वेल्ड लावलं तर तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरतं. आधी मागच्या डाव्या चाकाला, सहा तुकडे.