थायरॉईड आहे, तरी इंजेक्शन?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दर लग्नाकार्यात तेच तेच सांगून कंटाळा आलाय. हो, मला थायरॉईड आहे. हो, 2025च्या मार्चमध्ये भारतात आलेलं ते वजन उतरवायचं टिर्झेपटाइडचं इंजेक्शन मी घेते, डॉक्टरांनी लिहून दिलेलं. थायरॉईड कमी काम करतं, एवढ्यावरून ते कुणी नाकारत नाही.

या इंजेक्शनने थायरॉईडचा कॅन्सर होतो, अशी भीती तुम्ही घालता. तो मेड्युलरी, म्हणजे थायरॉईडमधल्या सी नावाच्या पेशींचा. उंदरांमध्ये या प्रकारच्या औषधांनी त्या सी-पेशींच्या गाठी झाल्या. माणसांत तसं होतं का, हे ठरलेलं नाही. पण स्वतःला किंवा घरात कुणाला तो झाला असेल तर हे इंजेक्शन देत नाहीत.

इथेच माझं अडलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाचं गळ्याचं ऑपरेशन?" आत्याचं झालेलं. कशाचं, ते आमच्याकडे कधी कुणी बोललं नाही. बाबांना फोन केला तर म्हणाले, "गाठ होती, काढली. आता कशाला उकरतेस?" आई म्हणाली, आत्याच्या नातीचं लग्न जमतंय, हा विषय नको. दोन्हीकडून दारं बंद. मग थेट आत्यालाच विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "कॅन्सर होता गं. तुझ्या बापाच्या तोंडून तो शब्द निघत नाही." संध्याकाळी बायॉप्सीच्या कागदाचा फोटो आला. पॅपिलरी. म्हणजे थायरॉईडचाच कॅन्सर, पण मेड्युलरीहून वेगळा; माझा मार्ग मोकळा. मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही. बाबा अजून माझ्याशी तुटक बोलतात.

थायरॉईडसाठी सकाळी घ्यायच्या थायरॉक्सिनच्या गोळीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. वजन उतरलं तशी छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले. दोष इंजेक्शनला दिला; निघाला टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली गेलेला, म्हणजे गोळी जास्त होत होती. गोळीचा डोस वजनावरही ठरतो. माझा 100 मायक्रोग्रॅमवरून 75 वर आला. आता सहा-आठ आठवड्यांनी तपासणी. आणि मला "जपून हं" म्हणणारी मैत्रीण बारीक व्हायला थायरॉक्सिनची दीड गोळी घेते! त्यासाठी ती घेऊ नका, असा इशारा अमेरिकेत त्या गोळीच्या माहितीपत्रकावरच चौकटीत छापतात.

पूर्वी मीच सगळं वजन थायरॉईडच्या नावावर खपवायचे. टीएसएच नॉर्मल आला तरी काटा हलला नाही. थायरॉईडपायी बहुधा थोडेच किलो वाढतात, त्यातही बरंच पाणी आणि मीठ. बाकीचं कुठून आलं, यावर माझं माझ्याशीच भांडण चालू आहे. इंजेक्शन थांबवलं की बहुतेकांचं वजन परत वाढतं. मग जन्मभर घेणार का? डॉक्टरांनीही विचारलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.