रोजनिशी: तुवैकचा कडा, धारेपासून दोन मीटर आत

रियाध, डिसेंबर, शुक्रवार रात्र

सह्याद्रीत फिरलेला माणूस रियाधजवळच्या तुवैक रांगेतल्या ‘एज ऑफ द वर्ल्ड’ या कड्याच्या टोकाला पोहोचला की पहिल्याच मिनिटाला कोकणकड्याचं नाव काढतो. उंची, वारा, खाली पसरलेला सपाट मुलूख, साम्य आहेच. पण पायाखालचा दगड वेगळा आहे, आणि कुठे उभं राहायचं हे त्या दगडावरच ठरतं. कोकणकडा लाव्ह्याच्या थरांचा. तुवैकची ही सुमारे ८०० किलोमीटर लांबीची रांग चुनखडीची, ज्युरासिक काळातल्या उथळ समुद्राच्या तळाची. पूर्वेला, म्हणजे रियाधच्या बाजूला, ती इतकी अलगद उतरते की शहराकडून येताना गाडीत चढ जाणवतच नाही. पश्चिमेला मात्र एकदम तुटते.

वरचा थर टणक, खालचे मऊ आणि मातकट. खालचं झिजून आत जातं, वरचा थर अधांतरी राहतो आणि कधीतरी स्वतःच्या वजनाने कोसळतो. असाच हा कडा मागे मागे सरकत आलाय. ते सुटे सुळके, ज्यांचे फोटो सगळे काढतात, तेही याच मोडतोडीतून उरलेले. म्हणूनच धारेवर पाय सोडून बसलेली माणसं बघितली की पोटात गोळा येतो. आपण बसलोय त्या फळीखाली काही आहे की नाही, हे वरून कळत नाही.

धारेला समांतर गेलेली भेग शोधायची. ती बोटभर रुंद असली तरी वाऱ्याने आणलेल्या मातीने भरलेली असते, त्यामुळे उभ्याने दिसत नाही. उकिडवं बसून तिरप्या उन्हात बघितलं की रेघ उमटते. तिच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. भेग नसली तरी धारेपासून दोन मीटर आतच थांबायचं. कठड्याचा भरवसा धरायचा नाही. वारा खालून वर येतो, टोपी उडते आणि माणूस नकळत तिच्यामागे धावतो, म्हणून टोपीला नाडी हवीच. लहान मुलांचा हात शेवटपर्यंत सोडायचा नाही.

वेळेचं गणित सूर्यास्तापासून उलटं मांडावं. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारनंतरच दगडावर रंग चढतो. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. गाडी थांबते तिथून टोकापर्यंत अर्धा तास धरावा, कच्च्या रस्त्याला एक तास, शहरातून बाहेर पडून डांबर संपेपर्यंत आणखी एक तास. जुम्म्याची नमाज आटोपून एकला निघालं तर साडेतीनपर्यंत टोकावर, आणि दीड तास हाताशी. अडीचला निघणाऱ्या सहलींत कडा धावतपळत बघावा लागतो. त्या घेऊ नयेत.

रत्नागिरी-रायगडची पुष्कळ मंडळी इथे कामाला आहेत, आणि चौघांत एक छोटी गाडी करून जायचा बेत हमखास होतो. तो सोडून द्यावा. कच्च्या वाटेवर दगड लागून चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, फुटतं, आणि मोबाइलला रेंज नसते. वाटाड्यासोबत जावं, पण त्यालाही पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: किमान दोन गाड्या आहेत का, स्टेपनी आणि हवेचा कॉम्प्रेसर प्रत्येक गाडीत आहे का, पाऊस आला तर पैसे परत मिळतील का. ‘एकच गाडी आहे, पण काळजी नको’ असं उत्तर आलं तर काळजी करावी.

टायरकडे स्वतः बघावं. डांबर सुटलं की हवा कमी करतात. मऊ वाळूत ती १५ ते १८ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) उतरवली तर टायर पसरतो आणि रुतत नाही. या वाटेवर मात्र धारदार चुनखडी जास्त, तिथे एवढा मऊ टायर बाजूला फुगतो आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, कापली जाते. ती कापली गेली की पंक्चर काढून भागत नाही. २५ च्या आसपास ठेवणारा चालक इथला रस्ता ओळखतो. परत डांबरावर आल्यावर हवा भरायलाच हवी. कमी हवेवर वेगाने पळवलं तर टायर तापून फुटतो.

बाभळींच्या सपाट खोऱ्यातून जाताना ओढ्यांची कोरडी पात्रं ओलांडावी लागतात. नोव्हेंबर ते एप्रिल हाच फिरण्याचा हंगाम आणि पावसाचाही. आपल्या डोक्यावर निळं आकाश असताना वर कुठेतरी पडलेला पाऊस पात्रात लोंढा आणतो. पाणी वाहत असेल तर खोली जोखत बसू नये, गाडी मागे वळवावी. बाभळीची एक फांदीही तोडायची नाही, कायद्याने दंड आहे. शेकोटीचं लाकूड शहरातून आणलंय ना, हे निघतानाच विचारावं.

टोकाकडची वाट घसाऱ्याची. खडी गोल नसून चपटी, एकीवरून दुसरी सरकते. घोटा धरणारे, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट घालावेत, उतरताना पावलं छोटी टाकावीत. पायाजवळ शिंपल्यांचे, प्रवाळांचे ठसे दिसतात. हात लावून बघावेत, बारीक रेघा बोटाला लागतात, आणि जिथले तिथे ठेवावेत. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही.

माणशी तीन लिटर पाणी, थंडी असली तरी. जाकीट गाडीत ठेवून जाऊ नये, सूर्य गेला की तापमान झपाट्याने उतरतं. संधिप्रकाश जेमतेम २५ मिनिटं टिकतो, म्हणून कपाळावर बांधायची बॅटरी प्रत्येकाकडे स्वतंत्र हवी. मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो, आणि घसाऱ्यावर दोन्ही हात मोकळे लागतात.