आमची वाटचाल: फॉरमॅटच्या आधी पेनड्राइव्ह

२००८ साली सांगलीत मारुती चौकाजवळ दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. तेव्हा विंडोज बिघडलं की सरसकट फॉरमॅट मारायची, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायची पद्धत होती. गिऱ्हाईक विचारायचं, "आणि आतलं?" उत्तर ठरलेलं, "गेलं." मला ते कधीच पटलं नाही. मशीन चालू होत नाही म्हणजे डेटा गेला असं नसतं. नॉपिक्सची सीडी घातली की विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टम सीडीवरूनच चालू व्हायची, आणि ज्या डिस्कवर लोकांनी पाणी सोडलेलं असायचं तिच्यातले फोल्डर समोर दिसायचे. त्या सीडीवर आमचं नाव झालं.

२०१२ मध्ये माझ्या हातून मोठी चूक झाली. सीडी जाऊन पेनड्राइव्ह आले होते. एक पेनड्राइव्ह तयार करताना डीडी या डिस्कवर थेट लिहिणाऱ्या कमांडमध्ये एसडीसीच्या, म्हणजे लिनक्सने पेनड्राइव्हला दिलेल्या नावाच्या जागी एसडीबी टाइप झालं. एसडीबी म्हणजे शेजारी जोडलेली एका ताईंची डिस्क. डीडी काही विचारत नाही, सरळ लिहीत सुटतं. पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची नोंद, आणि सुरुवातीचा भाग पुसला गेला. फोटोरेक या पुसलेल्या फाइल शोधणाऱ्या प्रोग्रॅमने बरेच फोटो काढून दिले, पण त्यात मूळ नावं परत येत नाहीत. बारशाचे फोटो दोन रात्री बसून एकेक करून लावले. काही आलेच नाहीत. ताईंच्या घरी जाऊन मी ते स्वतः सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे डिस्कचं नाव आणि साइज मोठ्याने वाचतात, दुसऱ्याने "हो" म्हटल्यावरच एंटर दाबतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. आमचा गाळाही बुडाला. पाणी ओसरल्यावर विश्रामबागेत एका मित्राच्या पडवीत टेबल मांडलं. पाण्यात बुडालेल्या डिस्क आम्ही चालूच केल्या नाहीत, तशा पुढे डेटा रिकव्हरीच्या लॅबला पाठवल्या. एका हळदीच्या अडत्यांचा मुलगा मात्र पोत्यात गुंडाळून सीपीयू घेऊन आला. माळ्यावर चढवताना तो हातातून निसटला होता. आत दहा वर्षांचा टॅलीचा हिशेब. डिस्क मधूनच टक-टक करत होती. पेनड्राइव्हवरून सिस्टमरेस्क्यू हे दुरुस्तीसाठीचं लिनक्स चालू केलं आणि खराब डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू लावलं. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब जागा सोडून देतं आणि शेवटी तिकडे वळतं. कुठवर वाचून झालं ते मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतं. ही फाइल आम्ही दुसऱ्या डिस्कवर ठेवली होती. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या सिस्टममध्ये ठेवली असती, तर लाइट जाताच रॅम, म्हणजे तात्पुरती मेमरी रिकामी होऊन तीही गेली असती. लाइट दोनदा गेली, दोन्ही वेळा काम सोडलं तिथून पुढे चालू झालं. तिसऱ्या दिवशी टॅलीचं फोल्डर उघडलं, तेव्हा अडते खुर्ची सरकवून उठले आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

आता एकाच पेनड्राइव्हवर व्हेंटॉय असतं, म्हणजे त्यावरून हवी ती सिस्टम चालू करता येते. सिस्टमरेस्क्यू, डिस्कची प्रत काढणारं क्लोनझिला, डिस्कचे भाग पाडणारं जीपार्टेड यांच्या आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची एक फाइल) नुसत्या कॉपी करायच्या आणि मेनूतून हवी ती निवडायची. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की लागतेच, ती गिऱ्हाइकाकडे आधीच मागतो. नव्या मुलाला पहिल्या दिवशी रिकामा पेनड्राइव्ह देतो. तो त्यानेच तयार करायचा, आणि दुकानातल्या सर्वांत जुन्या मशीनवर बूट करून, म्हणजे त्यावरून मशीन चालू करून दाखवायचा.