पेवात कोण उतरलं होतं?

सांगलीत बसून मी लोकांसाठी लिंक्डइनवर लिहितो. नाव त्यांचं, शब्द माझे. दर रविवारी अर्धा तास फोनवर माणसाला बोलतं करायचं, रेकॉर्डिंग दोन-तीनदा ऐकायचं आणि त्याच्या तोंडचा नेमका शब्द उचलायचा, हे खरं काम. पोस्टला ३००० अक्षरांची मुभा असते, पण मोबाईलवर दोन-तीन ओळींनंतर 'आणखी पाहा' येतं. त्या ओळींसाठी मी दोन-दोन तास घालवतो. एकाच साच्यातून दहा साहेबांच्या संघर्षकथा काढणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. त्यामुळे झालेलं जास्त लागलं.

माझा एक ग्राहक हळदीचा निर्यातदार, तिसऱ्या पिढीतला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर आम्ही आधी लिहिलं होतं. ती पोस्ट कुणी फारशी वाचली नाही. मग एका रविवारी तो हरिपूरच्या पेवांबद्दल बोलला. जमिनीच्या पोटात हळद साठवायची, तोंड बंद करायचं. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आधी कंदील खाली सोडायचा; तो विझला तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही. त्यांच्या अडतीवर जुने हमाल आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते उतरायचे.

मी लिहिलं, 'कंदील विझला नाही, म्हणून मी पेवात उतरलो.' मामांच्या जागी 'मी' घातला. ग्राहकानं गाडीतून वरवर वाचून होकार दिला. हे लोक आकडे रोज बघतात, मजकूर क्वचितच.

पोस्ट तुफान पसरली. दुबईच्या एका खरेदीदाराचा मेसेजही आला. दुसऱ्या दिवशी मी अडतीवर गेलो, तर मामा वजनकाट्यापाशी बसले होते. नातवानं त्यांना पोस्ट वाचून दाखवली होती. ते मालकाला म्हणाले, "दादा, तू कवा उतरलास रं पेवात?"

आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते.

दादा माझ्याकडे बघत राहिला. चूक माझी होती, ती मी मामांसमोरच सांगितली. तिथेच उभ्यानं पोस्ट बदलली: 'आमचे मामा उतरायचे.' पोस्टवर 'संपादित' असा शिक्का आला. खरेदीदारालाही खरं काय ते कळवावं, असं मी म्हटलं. दादा म्हणाला, "बघू." अजून कळवलेलं नाही, आणि ते मला खुपतंय.

त्यानंतर मामांशी चाळीस मिनिटं बोललो. २००५ च्या महापुरात किती पेवं गेली ते सांगताना ते मधेच थांबले. मग म्हणाले, "कंदील इझला तर माणूस सोडायचा न्हाई. मालक किती का घाई करंना."

रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. दादा रोज विचारतो, पुढची पोस्ट कधी? मामांचं लिंक्डइनवर खातं नाही. हे वाक्य कुणाच्या नावाखाली टाकू?